पन्नास लिटरचा ठराव

कुंडीचं माप हात वर करून ठरवणाऱ्या शहाण्यांपैकी मी एक आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी आमच्या क्लबचा अध्यक्ष हेबेर याला शिव्या घालणार आहे, क्लबलाही घालणार आहे, तेव्हा वाचणाऱ्याचा असा समज नको की मी स्वतः धुतल्या तांदळासारखा आहे. त्या संध्याकाळी माझा उजवा हात वर होता. इतिवृत्तही मीच लिहिलं, कारण क्लबचा चिटणीस मी आहे. बावीस विरुद्ध नऊ. त्या बावीसांत एक मी, दार्दो फेरेइरा, राहणार ला तेहा, मोन्तेविदेओ, धंदा लिफ्ट दुरुस्ती. वहीत जे लिहिता आलं नाही ते इथे लिहितोय.

पण ही हकीकत माझी नाही, निबियाची आहे. निबिया एचेवेरी, वय सहासष्ट, उंची माझ्या खांद्यापर्यंत, आवाज रिफायनरीच्या भोंग्यावर मात करणारा. ती माझ्यापासून दोन दारं सोडून राहते. लोक म्हणतात ती चिडकी आहे. मी तिला चाळीस वर्षं ओळखतो, आणि माझं मत असं की ती चिडत नाही. चिडलेलीच असते, मधेमधे फक्त दमते. बेकरीवाल्याने पाव कच्चा दिला तर ती घरी येऊन कुरकुरत नाही, परत जाऊन त्याच्या काउंटरवर तो पाव पिळून दाखवते. आणि पाव खरंच कच्चा असतो, हीच तर लोकांची अडचण आहे.

तरुणपणी ती लोकरीच्या गिरणीत होती, युनियनची प्रतिनिधी. गिरणी बंद पडल्यावर अकरा वर्षं तिने एका रोपवाटिकेत काढली. तिथे कार्नेशनची आणि जिरेनियमची हजारो रोपं तिच्या हाताखालून गेली. नंतर कायदा आला, गांजा लावायला परवानगी मिळाली, आणि आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून क्लब काढला, बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्याचं तळघर भाड्याने घेतलं. पंचेचाळीस सभासद, कायद्याने नव्व्याण्णव रोपांची मर्यादा, वर दिव्यांच्या रांगा, भिंतीला पंखे. झाडं सांभाळायला कोण, असं विचारायचीही गरज पडली नाही. निबिया पहिल्याच दिवशी स्वतःची खुरपी घेऊन आली होती.

तिची पद्धत अशी. मोठ्या झाडाची फांदी छाटायची आणि दह्याच्या रिकाम्या पेल्यात लावायची, पेल्याच्या बुडाला खिळ्याने चार भोकं. दोन-तीन आठवड्यांनी पेला हातावर पालथा करायचा, रोपाचं खोड दोन बोटांच्या मधे, आणि आतला गोळा बाहेर काढून बघायचा. माती भुरभुरली तर गोळा परत आत. पांढरी मुळं जाळीसारखी सगळीकडून मातीला धरून बसली असतील, तरच रोप तीन लिटरच्या कुंडीत जायचं. तिथे ते भरलं की अकरा लिटरच्या. आणि अकराच्या वर कधीच नाही.

"अकराच का?" मी एकदा विचारलं होतं.

"कारण तुझ्या या तळघराला आभाळ नाही," ती म्हणाली. "दिवा डोक्यावर दीड हातावर. झाड कमरेएवढं झालं की आपण ते फुलावर आणतो. कमरेएवढ्या झाडाला अकरा लिटर पुरतात. आणि अकरा लिटर मला उचलता येतात."

हे उचलणं महत्त्वाचं होतं. पाणी द्यायचं की नाही, हे ती माती बघून ठरवत नसे. कुंडी दोन्ही हातांनी जमिनीवरून वीतभर उचलायची, क्षणभर धरायची आणि खाली ठेवायची. हलकी झाली असेल तर पाणी, नसेल तर पुढची. नव्वद कुंड्या, दर दोन दिवसांनी. मी तिला विचारलं होतं की काटा आणून देऊ का वजनाचा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

आता अदेमारबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर अडलेलं आहे.

अदेमार म्हणजे तिचा नवरा. बंदरावर क्रेन चालवायचा. बावन्नाव्या वर्षी शिडीवरून पडला, पाठीच्या कण्याला मार बसला. दोन काठ्या घेऊन चालतो, पण पाय त्याचे राहिले नाहीत. मनाला येईल तेव्हा लाकडासारखे ताठ होतात, नाहीतर झटके देतात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झटके थांबायचे, पण सोबत अदेमारही थांबायचा. दिवसभर तोंड उघडं टाकून बसायचा. मग निबियाने क्लबमधल्या एका झाडाचं तेल काढून पाहिलं. त्या झाडाला आम्ही काळी म्हणायचो, कारण पानं जांभळट काळी व्हायची. सकाळी चार थेंब, रात्री सहा. आठवड्याभरात अदेमार टेबलाशी बसून पत्ते खेळायला लागला. पत्त्यांत त्याच्याएवढा थापाड्या सबंध ला तेहात नाही. हातात काही नसताना असा खुशीत हसतो की समोरचा घाबरून पानं टाकून देतो. पाच वर्षांनी तो माणूस परत हसला होता.

औषधांच्या दुकानात सरकारी माल मिळतो, पण त्याने अदेमारच्या पायांना काही फरक पडत नव्हता. घरी लावायची तर सोय नाही. कायदा म्हणतो घरी लावा, क्लबात लावा, नाहीतर दुकानातून घ्या. तिन्हींपैकी एकच नोंदणी. दोघांची नोंदणी क्लबात. म्हणजे काळी जगायची ती आमच्या तळघरातच, आणि अदेमारचे पाय तिच्या भरवशावर. हे क्लबमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला तर होतंच.

मे महिन्यात हेबेर पिंतोस अध्यक्ष झाला. विमा कंपनीत कारकून, केस नीट बसवलेले, प्रत्येक वाक्याआधी "साथींनो" म्हणणारा. वाईट माणूस नाही. वाईट असता तर आम्ही सावध राहिलो असतो. त्याने कुठल्यातरी परदेशी शेतकऱ्याचे व्हिडिओ बघितले होते. दोन पुरुष उंचीची झाडं, शिडी लावून फुलं तोडतात, आणि खाली या एवढाल्या कुंड्या. त्या दिवसापासून हेबेरची झोप उडाली.

आणि आमच्याकडे झोप उडाली की माणूस सभा बोलावतो. हा आमचा रोगच आहे. जिन्यातला दिवा किती वॅटचा असावा, याला सभा. गल्लीच्या फुटबॉल संघाचे मोजे लाल की पांढरे, याला सभा. एकदा एका सभेत पुढची सभा कधी घ्यायची यावरून दोन तास गेले होते, आणि शेवटी एक उपसमिती नेमली गेली. हुकूमशाहीची बारा वर्षं तोंड बंद ठेवावं लागलं, त्याचा सूड आम्ही अजून एकमेकांवर उगवतोय.

जूनची संध्याकाळ होती, आमच्याकडे जून म्हणजे हिवाळा, बाहेर गार पाऊस. कोणीतरी तोर्ता फ्रिता, म्हणजे जाड पुऱ्या, तळून आणल्या होत्या, आणि माते-चहाचं वाळक्या भोपळ्याचं भांडं हातोहात फिरत होतं. तळघरावरच्या सभेच्या खोलीत एकतीस जण हजर. हेबेरने भिंतीवर चित्र दाखवलं.

"साथींनो," तो म्हणाला, "कायद्याने आपली रोपं वाढवता येत नाहीत. मग वाढवायचं काय? झाड! आणि झाड कशाने वाढतं? जागेने. पन्नास लिटरचे टब. पेल्यातून थेट टबात. तीन-तीनदा कुंड्या बदलणं नाही, मातीची पोती वाहणं नाही. एकदा लावलं की कापणीलाच हात लावायचा."

"आणि पाणी?" निबिया मागून ओरडली. तिने हात वर केला नव्हता. "पन्नास लिटर माती भिजवशील, आणि पिणार कोण? बोटाएवढं मूळ? उरलेलं पाणी तिथेच कुजणार. या शेतकऱ्याकडे ऊन आहे, वारा आहे, सहा महिने आहेत. तुझ्याकडे काय आहे? तळघर आहे, हेबेर! जुलैत भिंतींना पाणी सुटतं तिथे!"

"साथी निबिया, बोलायला क्रम आहे."

"मुळाला विचारलास का क्रम?"

लोक हसले. हेबेरही हसला, आणि तिथेच ती हरली. कारण हसल्यावर सगळ्यांना वाटलं की बाई नेहमीप्रमाणे चिडल्यात, एवढंच. तिला तीन मिनिटं मिळाली. तिने एक तीन लिटरची कुंडी टेबलावर ठेवली, रोप उपसून मुळं दाखवली, शिस्तीत, आवाज न चढवता. मी तिला एवढं सावकाश बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मोठं घर दिलं म्हणून लेकरू एका दिवसात मोठं होत नाही. आधी त्याला भरू द्या, मग द्या." आणि खाली बसली.

"हात वर करा," हेबेर म्हणाला.

मी हात का वर केला, हे सांगतो. कुंड्या बदलायच्या दिवशी मातीची पोती जिन्यावरून खाली न्यायचं काम पाळीपाळीने असायचं. माझी पाळी पुढच्या महिन्यात होती आणि माझी कंबर धरली होती. बस, एवढंच. मला टब पटले नव्हते. निबियाचं खरं आहे हेही माहीत होतं. पण पोतं डोळ्यांपुढे आलं, आणि हात वर गेला. निबियाने मान वळवून एकेक हात मोजला. तिची नजर माझ्यापाशी आली तेव्हा मी वहीत बघत होतो.

विरुद्ध नऊ. त्यात अदेमार होता. दोन्ही काठ्या एका हातात घेऊन दुसरा हात त्याने वर केला आणि म्हणाला, "मी हिच्याविरुद्ध मत दिलं तर घरी मला पन्नास लिटरच्या टबात लावेल ही." पुन्हा सगळे हसले. अदेमारला कायम लोकांना हसवावंसं वाटतं. त्या दिवशी ते अंगाशी आलं.

पुढच्या शनिवारी ट्रक आला. नव्वद टब, साडेचार हजार लिटर माती. ज्या कमरेसाठी मी हात वर केला होता, तिची त्या दोन दिवसांत वाट लागली. हेबेरने हिशेबच केला नव्हता की मोठा टब भरायला मोठी मातीही लागते. पोती वाहताना कोणी त्याला काही बोललं नाही, कारण ठराव सगळ्यांचा होता.

मला वाटलं होतं निबिया येणारच नाही. ती सगळ्यांच्या आधी आली होती. टबांच्या बुडाला भोकं पाडत होती. दुपारी बाकीचे जेवायला गेले तेव्हा मी तिच्याजवळ उकिडवा बसलो.

"निबिया, एक सांगू? काळीची सहा रोपं बाजूला काढ. पंख्यामागे त्या कोपऱ्यात तीन लिटरच्या कुंड्यांत ठेव. कोण बघतंय? मी वहीत नव्वदच लिहीन."

तिने खुरपी खाली ठेवली. "काय म्हणालास?"

"अदेमारसाठी म्हणतोय."

"अदेमारचं नाव घेऊ नकोस." ती उठून उभी राहिली. "सभेत तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास, हात वर केलास, आणि आता इथे कोपऱ्यात येऊन मला चोरी शिकवतोस? माझ्या भावाचं ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. सगळ्या ला तेहाला ठाऊक आहे. गिरणीच्या संपात, एकेचाळिसाव्या दिवशी, तिचा सख्खा भाऊ कामावर गेला. संप फोडून आत जाणाऱ्याला आम्ही मेंढा म्हणतो. निबिया दारावर उभी होती. तो आत जाताना तिने फक्त "मेंढ्या" म्हटलं, आणि त्यानंतर अकरा वर्षं त्याच्याशी बोलली नाही. बोलली ती थेट त्याच्या शवपेटीशी.

"सभेने ठरवलं ते मूर्खपणाचं आहे," ती म्हणाली. "पण सभेने ठरवलंय. पटलं तेवढं पाळायचं आणि पटलं नाही तिथे कोपऱ्यात जायचं, तर मग संप कशाला केले आम्ही? मी बाहेर उभी राहिले तेव्हा माझ्याही घरात पीठ नव्हतं. नव्वद म्हणजे नव्वद. चल, माती ओत."

आणि तिने स्वतःच्या हाताने काळीची सहाही रोपं पेल्यांतून उपसून त्या काळ्या टबांत लावली. टबाच्या मधोमध ते चिमुकलं रोप, आणि भोवती माती, माती, माती. मला तिचा राग आला. आजही येतो. एवढा ताठा कोणाच्या कामाचा? पण तिला तसं म्हणायचं तोंड माझ्याकडे नव्हतं.

फांद्या छाटताना ती नेहमी काही जास्तीच्या लावायची, एखादी मेली तर असाव्यात म्हणून. उरलेल्या ती दर वेळी कचऱ्यात टाकायची, आकडा चुकायला नको. त्या दिवशी कचऱ्याच्या पोत्यात सात पेले होते. संध्याकाळी पोतं बाहेर ठेवायचं काम माझं. त्यातला एक पेला, ज्यावर तिच्या अक्षरात "का" लिहिलं होतं, मी कोटाच्या आत घातला आणि घरी आणला. स्वयंपाकघरात फ्रीजवर ठेवला, वर टेबललॅम्प. बायकोने विचारलं तेव्हा तुळस म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "तुळशीला असा वास येतो होय?"

तळघरात पहिले दहा दिवस बरे गेले. हेबेर रोज फोटो काढायचा. तिसऱ्या आठवड्यात पानं खाली वळली. हेबेर म्हणाला पाणी कमी पडतंय. निबिया म्हणाली जास्त झालंय. टब तिला उचलता येत नव्हता. तिने एकदा प्रयत्न केला, गुडघा टबाला टेकवून, दात ओठ खाऊन. टब जमिनीवरून सुटला नाही. मग तिने मातीत कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढून हेबेरच्या नाकासमोर धरला. आंबट, कुजका वास. जुलैच्या मध्यावर मातीवर बारीक काळ्या माश्या उडू लागल्या, आणि महिना संपायच्या आत खोडं बुडाशी मऊ पडली. ज्या तीन मोठ्या झाडांच्या फांद्या आम्ही छाटायचो, तीही हेबेरने उत्साहाने जादा तीन टब आणून त्यांत हलवली होती. तीही गेली. काळी गेली.

तेलाची बाटली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपली. निबिया त्याआधीच थेंब कमी करत आली होती. सकाळचे चारचे दोन, मग एक. मी एका सकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. अदेमार टेबलाशी पत्ते पिसत बसलेला. बोलता बोलता त्याचा उजवा पाय असा उडाला की टेबल कलंडलं, माते-चहाचा थर्मास फरशीवर पडून फुटला आणि उकळतं पाणी त्याच्या चपलेवर सांडलं. त्याला ते कळलंही नाही लगेच. तो पाय दोन्ही हातांनी दाबून धरून होता आणि हसायचा प्रयत्न करत होता. "गोल मारला," म्हणाला. निबिया काचा गोळा करत होती. तिची पाठ माझ्याकडे होती आणि ती वळली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने गोळ्या परत सुरू केल्या. पत्ते तिथेच टेबलावर पडून राहिले.

आणि क्लबने काय केलं? सभा बोलावली. विषय: हंगाम वाया जाण्याची जबाबदारी. मी हा विषय स्वतःच्या हाताने फलकावर लिहिला, आणि लिहिताना मला कळलं नाही की बाण कोणाकडे आहे. हेबेर उभा राहिला. "साथींनो, कोणावर आरोप नाही. पण ठराव टबांचा होता. पाणी किती द्यायचं हा ठराव नव्हता. पाणी देण्याची जबाबदारी झाडं सांभाळणाऱ्याची."

निबिया उठली आणि खाली तळघरात गेली. आम्हाला वाटलं निघून गेली. थोड्या वेळाने जिन्यावरून घासल्याचा आवाज यायला लागला. एक पायरी, थांबणं, एक पायरी. ती एक टब ओढत वर आणत होती. दोघेजण मदतीला उठले, तर तिने नुसतं बघितलं आणि ते बसले. टब तिने टेबलापर्यंत आणला, कडेला टेकवला, आणि मग मीच उठलो, दुसरी बाजू धरली. ती मला नको म्हणाली नाही. आम्ही तो टेबलावर पालथा केला. हेबेरच्या कागदांवर, माझ्या वहीवर, तोर्ता फ्रितांच्या ताटावर, सगळीकडे काळा चिखल.

तिने दोन्ही हातांनी तो चिखल चाचपला आणि मधून एक गोळा काढला. मूठभर. दह्याच्या पेल्याच्या आकाराचा, तस्साच, खाली निमुळता. जूनमध्ये लावला होता तेवढाच. त्या पन्नास लिटरांत एक मूळ बाहेर गेलं नव्हतं.

"ही घ्या पाण्याची जबाबदारी," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज रस्त्यावर ऐकू जात होता. "मूळ पेल्याएवढं, भोवती दलदल! वर्षभर पाणी दिलं नसतं तरी ओलीच राहिली असती ही! मी सांगितलं होतं का नव्हतं? सांगितलं होतं का नव्हतं, दार्दो? वहीत आहे ना? वाच! वाच मोठ्याने!"

वहीचं पान चिखलाने चिकटलं होतं. मी वाचलं. निबियाचं बोलणं मी त्या दिवशी एका ओळीत उरकलं होतं: साथी निबिया यांनी विरोध नोंदवला. बस. मुळं नाहीत, कुंडी नाही, लेकरू नाही.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हणालो.

"मग आता घ्या मत. ज्यांना वाटतं मूळ वाढावं, त्यांनी हात वर करा. कदाचित ऐकेल तुमचं."

कोणी हसलं नाही. हेबेरचा चेहरा पांढरा पडला होता. शेवटी काय झालं? एक उपसमिती नेमली गेली, कुंड्यांचं योग्य माप ठरवण्यासाठी. तीन सभासद. त्यांत निबिया नाही. हे मी वहीत लिहिलं, आणि लिहिताना पेन एवढं दाबलं की पान फाटलं.

आता फ्रीजवरच्या पेल्याचं.

मी ते रोप पेल्यातून काढलंच नव्हतं. टबांत नव्वद मेलेली बघितल्यावर मोठ्या कुंडीची धास्तीच बसली. म्हटलं लहान आहे तर जगेल. ते जगलंही, वीतभर झालं आणि थांबलं. मग खालची पानं पिवळी पडायला लागली, रोज एकदोन गळायची. सकाळी पाणी घातलं की दुपारपर्यंत मान टाकायचं. त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्यावर सातच पानं उरली होती. मला दुसरं काही सुचलं नाही. पेला कोटाखाली घेतला आणि निबियाच्या दारात उभा राहिलो.

तिने दार उघडलं. मी पेला बाहेर काढला. तिने आधी "का" वाचलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"हे कुठून आलं?"

"कचऱ्यातून. जूनमध्ये."

"आणि होतं कुठे?"

"घरी. फ्रीजवर."

घरी ठेवणं म्हणजे कायदा मोडणं, आणि टबाबाहेर ठेवणं म्हणजे ठराव मोडणं. दोन्ही तिला माझ्याआधी कळलं. तिचे ओठ पातळ झाले. चाळीस वर्षांपूर्वीच्या गिरणीच्या दारावर तिचा चेहरा कसा दिसला असेल, ते मला तेव्हा कळलं.

"मेंढ्या," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. आता दार बंद होणार, आणि अकरा वर्षं बंद राहणार. आत खिडकीपाशी अदेमार खुर्चीत होता, गोळ्यांनी डोळे अर्धे मिटलेले. त्याने वळून बघितलं असं वाटलं. एरवी या जागी तो काहीतरी विनोद करतो.

निबियानेही वळून त्याच्याकडे बघितलं. किती वेळ बघत राहिली ते मला सांगता येणार नाही. मग तिने पेला माझ्या हातातून हिसकावला, खोड दोन बोटांमधे धरलं आणि तो पालथा केला. गोळा निघेना. तिने पेला कडेने दाबला, फाडला. आत माती दिसतच नव्हती. मुळंच मुळं, तपकिरी, पेल्याच्या भिंतीला गोल गोल फिरून स्वतःलाच आवळून बसलेली.

"जूनपासून यात?"

"मोठ्या कुंडीची भीती वाटली."

"भीती वाटली!" ती ओरडली. "दीड महिना झाला याला हलवायचं होतं, दीड महिना! तिकडे बावीस जणांनी मिळून बुडवलं, आणि इथे तू एकट्याने गळा आवळलास! तुम्हाला दोनच मापं माहीत, हौद आणि चमचा! आठ दिवसांनी आणलं असतंस तर फेकून द्यावं लागलं असतं, कळतंय का तुला, गाढवा?"

"कळतंय."

"काही कळत नाही!"

ती आत गेली. तिच्या घरात रिकामी कुंडी नव्हती. कायद्याने वागणारी बाई, ठेवेल कशाला? खिडकीत तिचं जिरेनियम होतं, रोपवाटिका सोडताना आणलेलं, लाल, तेही तीन लिटरच्या कुंडीत. तिने ते एका हाताने उपटलं आणि ओट्यावर टाकलं. कुंडीतली माती वर्तमानपत्रावर ओतली, हाताने मोकळी केली, निम्मी परत भरली. मग स्वयंपाकाची सुरी घेतली आणि मुळांच्या त्या गोळ्याला चार बाजूंनी उभे चिरे दिले. बोटांनी मुळं सोडवत राहिली, एकेक, आणि सोडवताना मला शिव्या देत राहिली. मला, हेबेरला, उपसमितीला, शिडी लावून फुलं तोडणाऱ्या त्या परदेशी शेतकऱ्याला. मध्येच स्वतःलाही एक दिली. रोप कुंडीत बसवून तिने कडेने माती दाबली, पेलाभर पाणी घातलं, त्याहून थेंब जास्त नाही. मग दोन्ही हातांनी कुंडी ओट्यावरून वीतभर उचलली आणि धरून ठेवली.

मी दारातच उभा होतो. आत ये म्हणाली नव्हती, जा म्हणालीही नव्हती.

"चार महिने लागतील," मी म्हणालो.

"मला शिकवू नकोस."

तिने कुंडी अदेमारच्या खिडकीत ठेवली, जिरेनियमच्या जागी, आणि पडदा ओढून घेतला, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. तिला मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लपवताना बघत होतो. ती वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि राग तसूभरही उतरला नव्हता.

"तुझ्या वहीत लिहू नकोस," ती म्हणाली, "की या गल्लीत आता दोन मेंढे आहेत."